आयातशुल्काचं बिल शेवटी कुणाच्या नावावर?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर आहे ते बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

खातेउतारा

२ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जवळजवळ साऱ्या जगाच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं. तेव्हापासून एक वाक्य सारखं ऐकू येतंय : "आता परदेशी लोक अमेरिकेच्या तिजोरीत पैसे भरणार." सभेत टाळ्या मिळतात, पण बंदरावर ते चालत नाही. शुल्क भरतो माल मागवणारा, म्हणजे अमेरिकेतला आयातदार. भरल्याशिवाय त्याचा माल सुटत नाही. पुढे तो ते विकणाऱ्याकडून भाव पाडून वळतं करतो, स्वतःच्या नफ्यातून सोसतो किंवा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो.

२०१८ मध्ये हा प्रयोग होऊन गेलाय. अमिती, रेडिंग आणि वाइनस्टीन या तिघा अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ सगळा भार अमेरिकेतल्याच खरेदीदारांवर पडलेला दिसला. वॉशिंग मशीनची गोष्ट तर भारीच आहे. शुल्कानंतर मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर शुल्क नव्हतंच, तरी तेही तितकेच महागले, कारण दोन्ही यंत्रं जोडीने विकली जातात आणि दुकानदाराने वाढ दोघांवर वाटून टाकली. नोकऱ्या वाढल्या सुमारे १,८००. एकेका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर भुर्दंड!

आणि २०२५ चे दर ठरवले कसे? त्या देशाबरोबरची व्यापारी तूट (आयात वजा निर्यात) भागिले तिथून होणारी आयात, आणि आलेल्या आकड्याचा अर्धा. दहा टक्के किमान. माणूस राहत नाही अशा हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांचंही नाव यादीत होतं. याला धोरण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

उलटतपासणी

बेटांवर हसून झालं असेल तर कामाचं बोलू. महागलेलं यंत्र तुम्हाला दिसतं, बंद पडलेला कारखाना दिसत नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. चिनी आयातीमुळे १९९९ ते २०११ या काळात अमेरिकेत २० लाखांच्या घरात रोजगार गेले, हा अंदाज कुण्या प्रचारकाचा नाही, विद्यापीठांतल्या अर्थतज्ज्ञांचा आहे. ते कामगार दुसऱ्या शहरात जाऊन दुसरं काम धरतील असं पाठ्यपुस्तक सांगत होतं. बरेचसे गेले नाहीत. गावंच्या गावं बसली. स्वस्त टीव्हीचा हिशेब मांडता, तेव्हा हे कुठल्या रकान्यात लिहिता?

दुसरं, ज्यांनी मुक्त व्यापाराचे धडे दिले ते स्वतः कसे मोठे झाले? अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये नवजात उद्योगांना आधार द्या असा अहवाल दिला आणि अमेरिकेने एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ चढ्या शुल्काच्या भिंतीआड कारखाने वाढवले. वर चढल्यावर शिडी लाथाडायची, हे ब्रिटनबद्दल जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्टने १८४१ मध्येच लिहून ठेवलंय.

आणि महागाईचा आगडोंब उसळणार होता ना? २०२५ मध्ये अमेरिकेतली महागाई तीन टक्क्यांच्या आसपास किंवा खालीच राहिली.

बिल ऑफ एंट्री

मी माल सोडवण्याच्या कागदपत्रांच्या धंद्यात आहे, त्यामुळे मला दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट दिसत नाही : वेळ.

महागाई उसळली नाही, कारण शुल्क लागणार हे कळताच आयातदारांनी गोदामं भरून घेतली. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेची आयात इतकी फुगली की जीडीपीच्या वाढीचा आकडा उणे झाला. जुन्या दराचा माल महिनोन्‌महिने विकला गेला. काहींनी माल बॉण्डेड गोदामात टाकला, म्हणजे बाहेर काढेपर्यंत शुल्क भरायला नको, आणि दर उतरायची वाट बघत बसले. काहींनी नफा घटवला. असा भार हळूहळू झिरपतो, एका महिन्याच्या आकड्यात सापडत नाही.

पण खरा त्रास दर किती याचा नसतोच. चिनी मालावरचं शुल्क एप्रिलमध्ये चढत चढत १४५ टक्क्यांवर गेलं. १२ मे रोजी जिनिव्हात समझोता होऊन ते ३० वर आलं, तेही ९० दिवसांपुरतं. या दरम्यान ऑर्डर द्यायची की थांबायचं? थांबलात तर दुकान रिकामं, दिलीत तर भाव काय लावायचा तेच माहीत नाही. मोठ्या साखळी दुकानांकडे वकील असतात, जहाजात जागा असते, उधारी असते. दोन-चार कंटेनर मागवणारा छोटा व्यापारी यात भरडला जातो. त्याच्याबद्दल दोन्ही पक्ष बोलत नाहीत. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ अखेर सगळ्या देशांसाठी गेली, तेव्हा पहिला फटका असल्यांनाच.

टिकणारं शुल्क काय करतं तेही बघा. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अमेरिकेने चिडून १९६४ मध्ये छोट्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, शुल्क राहिलं. जपानी कंपन्यांना पिकअप विकायच्या तर अमेरिकेत कारखाने काढावे लागले. पळवाटाही निघाल्या. फोर्डने तुर्कस्तानातून व्हॅन आणल्या त्या मागच्या सीट लावून, प्रवासी गाडी म्हणून. शुल्क अडीच टक्के. कस्टममधून सुटल्यावर सीट काढून टाकल्या! २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

उलटतपासणी

म्हणजे शुल्क साठ वर्षं टिकलं आणि कारखाने आले. माझंच म्हणणं झालं की हे!

खातेउतारा

अर्धंच झालं. त्याच शुल्काच्या सावलीत डेट्रॉइटच्या अमेरिकन मोटार कंपन्या पिकअपच्या नफ्यावर सुस्तावल्या आणि छोट्या गाड्यांत मार खात राहिल्या. आडोसा मिळालेला प्रत्येक उद्योग दक्षिण कोरिया होत नाही. कोरियाने संरक्षण दिलं, पण निर्यात करून दाखवा या अटीवर. ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली, अट कुणावर नाही. महागडे, मागासलेले संगणक लोकांच्या माथी पडले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गुंडाळावं लागलं.

शिवाय एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. पोलाद बनवणारे खूश झाले, पण पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत त्यांच्या कितीतरी पट माणसं काम करतात. डिसेंबर २००३ मध्ये ते मागे घेतलं.

कट्ट्यावरचा

सगळं ठीक, पण हे पुस्तकी वाद बाजाराने चार दिवसांत निकालात काढले होते. ३ आणि ४ एप्रिल २०२५ ला अमेरिकेचा शेअर बाजार दहा टक्क्यांहून जास्त घसरला, तरी सरकार ढिम्म. रोखेबाजारात सरकारी कर्जाचा व्याजदर चढायला लागला तशी ९ तारखेला चीन सोडून बाकीच्यांना ९० दिवसांची स्थगिती. कोण महागाई, कोण कामगार! ज्याच्याकडून उधार घ्यायचंय त्याचंच ऐकलं जातं.

उलटतपासणी

सावकाराला घाबरून धोरण बदललं, म्हणून धोरण चुकीचं ठरत नाही.

आता रेअर अर्थ धातूंचं बोला, म्हणजे मोटारींतल्या चुंबकांना वगैरे लागणारे खास धातू. जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं. ४ एप्रिलला चीनने त्यातल्या सात धातूंच्या निर्यातीवर परवाने बसवले, आणि काही आठवड्यांत मोटार कंपन्यांना चुंबकं मिळेनात. तिथून आलेला माल तीस वर्षं स्वस्त होता म्हणूनच इतरांच्या खाणी आणि शुद्धीकरण बंद पडलं. तुमच्या मुक्त व्यापाराकडे याला काय उत्तर आहे? "महाग पडेल" हे उत्तर नव्हे.

खातेउतारा

उत्तर आहे आणि ते वापरलंही गेलंय. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्याच संरक्षण खात्याने एमपी मटेरियल्स या खाण कंपनीला किलोला ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. बाजारभाव खाली गेला तर फरक सरकार भरणार. चुंबकांच्या धातूंच्या एका जोडीसाठी (निओडिमियम-प्रासिओडिमियम), एका कंपनीशी, दहा वर्षांचा करार. चीनने भाव पाडला तरी खाण बंद पडत नाही. त्यासाठी साऱ्या जगाच्या बुटांवर आणि खेळण्यांवर शुल्क लावायची गरज नाही. खर्च करदात्याचा आहे, पण उघड आहे. शुल्काचा खर्च भावात लपतो, आणि जो कमी कमावतो त्याच्या खर्चात वस्तूंचा वाटा मोठा, म्हणून त्यालाच जास्त लागतो.

बिल ऑफ एंट्री

किमान भावाला माझा पाठिंबा, कारण त्यात दहा वर्षं लिहिलेली आहेत. कारखाना उभारणारा बँकेला तेवढंच दाखवू शकतो. १४५ चे ३० होणारं शुल्क कोणती बँक धरणार?

उलटतपासणी

किमान भाव बँक धरेल. पण एक सांगा खातेउतारा, सरकारने एका खाजगी कंपनीला निवडून भाव बांधून दिला, वर तिचे शेअरही घेतले. उद्या दुसऱ्या कंपनीला का नाही, हे कोण ठरवणार? शुल्क निदान सगळ्या देशी कारखानदारांना सारखं लागू होतं. तुमच्या या "उघड" खर्चाच्या करारावर संसदेत वेगळं मतदान कधी झालं?