मदत हवी आहे: द्राक्षाच्या काड्यांचा कोळसा जलद चार्जिंगला का ढेपाळतो?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला आहे, प्रोजेक्ट सुपरकपॅसिटरवर (सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर आयन, म्हणजे विद्युतभारित कण, गोळा करून झटपट चार्ज होणारं साधन). पिंपळगावला आमची बाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बांधावर काड्यांचा ढीग पडतो आणि आप्पा तो पेटवून देतात. म्हटलं, जळायचंच आहे तर आमच्या भट्टीत जळू दे.

काड्यांचा नायट्रोजनमध्ये ५०० अंशांवर कोळसा केला, तिप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ८०० अंशांवर अ‍ॅक्टिव्हेट केला (म्हणजे त्यात बारीक छिद्रं पाडली), आम्लाने धुतला. अशा दोन बॅच. बीईटी (नायट्रोजन वायू शोषवून पृष्ठफळ मोजायची चाचणी) बाहेरून करून आणलं (पैसे आप्पांचे, म्हणून धाकधूक जास्त). पहिलीचं पृष्ठफळ १६४० चौरस मीटर प्रति ग्रॅम, दुसरीचं १९१०. दुसरीच सरस ठरणार, असं गाइडना छातीठोक सांगून बसले!

मग निकेल फोमवर कोळशाचा लेप देऊन पाण्यातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चाचणी घेतली. व्होल्टेज सावकाश, ५ मिलिव्होल्ट प्रति सेकंदाने, वाढवलं तर दोन्हींचा कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) सारखाच, १८० फॅरड प्रति ग्रॅमच्या आसपास. जलद, १०० ला, मात्र पहिली १३५ वर तग धरते आणि दुसरी थेट ६० वर. करंट-व्होल्टेजचा आलेख चौकोनी राहायचा सोडून कलंडलेल्या पानासारखा दिसतो.

माझी समजूत अशी: पृष्ठफळ मुख्यतः २ नॅनोमीटरखालच्या छिद्रांतून येतं. बीईटीत नायट्रोजनला तिथे शिरायला भरपूर सवड मिळते, आयनांना ती नसते. सिंहस्थातल्या पंचवटीसारखं, वाड्यात खोल्या पुष्कळ, पण बोळ एकच. रात्रभरात सगळे मावतील, तासाभरात आणायचे तर बोळातच तुंबतील. मग २००६ चा गोगोत्सी आणि सिमाँ यांच्या गटाचा पेपर वाचला आणि गोंधळ वाढला. त्यात १ नॅनोमीटरखालच्या छिद्रांत, आयन अंगावरचं द्रावक झटकून शिरत असल्यामुळे, कपॅसिटन्स उलट वाढतो. म्हणजे अरुंद छिद्रं चांगली की वाईट?

अजून एक. दुसरी बॅच जास्त बारीक दळली होती. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पहिलीत वेलीच्या रसवाहिन्या नळ्यांसारख्या स्पष्ट दिसतात, दुसरीत नुसता भुगा. त्या नळ्याच रस्ते होते आणि ते मीच मोडले का?

जुनाखोड: ताई, अरुंद छिद्रं साठा वाढवतात, रुंद छिद्रं वेग देतात, त्यामुळे दोन्ही लागतात. तो पेपर कार्बाइडपासून केलेल्या कार्बनवर आणि सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन असलेल्या, पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकातल्या द्रावणात) आहे, तुमच्या पाण्यातल्या पोटॅशला जसाच्या तसा लावू नका. दळण्याला दोष देऊ नका. कण बारीक झाला की आयनाची आतली वाट कमी होते, वेळ अंतराच्या वर्गाने घटतो. जाड लेपातही आयनांची वाट लांबते, म्हणून आधी सांगा, निकेल फोमवर लेप किती मिलिग्रॅम होता? आणि कोरा फोम तपासलात का? अल्कलीत तो स्वतःही थोडा चार्ज धरतो.

धागाकर्ती: दादा, वही काढून पाहिली. पहिलीला २ मिलिग्रॅम, दुसरीला ९. माल हातात जास्त होता म्हणून थापला. कोरा फोम तपासलेलाच नाही. सोमवारी दोन्हींचे २-२ मिलिग्रॅमचे लेप करून इथेच आलेख टाकते. गाइडना काय सांगायचं, तेही सुचवा.