नोटर डेम शिफ्ट आणि एका सेकंदाचा नियम
'१९२७च्या नियमाने नोटर डेम शिफ्ट (नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, चाल सुरू होण्याआधी खेळाडूंनी एकदम जागा बदलण्याची युक्ती) संपवली' असं म्हटलं जातं, ते मला तरी पटत नाही. त्या नियमाने शिफ्टचा वेग मारला हे खरं. सगळी गंमत चौघा बॅक्सच्या, म्हणजे आक्रमणात पुढच्या ओळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या, लयीत होती: आधी टी रचनेत (इंग्रजी T च्या आकारात) उभं राहायचं, इशारा मिळाला की चौघांनी एकदम, कवायतीसारखं, उजवीकडे किंवा डावीकडे चौकोनात सरकायचं आणि पाय टेकतात न टेकतात तोच स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू. बचावफळीने सरकायचं कधी? वर हे चौघे आधीच गतीत. म्हणून शिफ्टनंतर पूर्ण एक सेकंद स्थिर थांबा, असा नियम आला. संघाचे प्रशिक्षक नूट रॉकनी त्यावर भयंकर चिडले होते, आणि ते साहजिकच म्हणायचं.

पण पुढे काय झालं ते असं म्हणणारे सांगत नाहीत. १९२८चा हंगाम वाईट गेला खरा, पण १९२९ आणि १९३० असे सलग दोन हंगाम हाच संघ अपराजित राहिला, तेही सेकंदभर थांबून! त्यात १९२९ला नवं स्टेडियम बांधायचं काम चालू असल्याने घरच्या मैदानावर एकही सामना नव्हता. शिवाय रॉकनींच्या हाताखाली १९१८ला खेळलेले कर्ली लॅम्बो हीच चौकोनी रचना ग्रीन बे पॅकर्स या संघाकडे घेऊन गेले आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये तिच्यावर अनेक वर्षं जिंकले.