रात्री तीनला जाग येते, परत झोप लागत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. मी ५२ वर्षांची, नाशिकला असते. पडल्या पडल्या झोप लागते, पण पावणेतीन-तीनला टक्क जाग येते. मग पाचपर्यंत तळमळ, आणि उठायची वेळ झाली की डोळा लागतो.

कारण थोडंफार कळतं. सासूबाई पावणेदोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. एक वाजता हे उठायचे, तीनला मी. पुढे पुढे गजरही लावावा लागत नसे. दिवाळीनंतर त्या गेल्या. तरी मी तीनला उठून बसते. सुरुवातीला तर झोपेतच त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन यायचे.

जायफळ घातलेलं दूध, तळपायांना तेल, जप, सगळं केलं. जपाने बरं वाटतं, झोप येत नाही. मोबाईलमध्ये वेळ बघितली की 'आता दोनच तास उरले' असा हिशेब सुरू होतो आणि छाती धडधडते. भरपाई म्हणून दुपारी तासभर झोपते, रात्री नऊलाच आडवी होते. थायरॉईड, साखर ठीक आहे. गोळीची सवय नको वाटते. यातून कुणी बाहेर आलंय का? नेमकं काय केलंत?

प्रतिसाद १
ताई, वडिलांच्या आजारपणानंतर माझंही असंच झालं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याची पद्धत दिली. जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच करावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ साली सांगितलंय. तुमची दुपारची झोप आणि नऊला आडवं होणं, हे दोन्ही आधी थांबवा. दिवसभर जागं राहून झोपेची ओढ साठते; ती दुपारीच खर्च झाली तर पहाटेपर्यंत पुरत नाही. मी अकराच्या आत गादीवर जात नसे आणि रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठत असे. जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत. घड्याळ बघायचंच नाही. पहिला आठवडा फार जड गेला, गाडी चालवणं टाळलं. दीड महिन्यात फरक पडला.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, फक्त एक विचारून घ्या: तुम्ही घोरता का? पाळी गेल्यावर बायकांमध्येही झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढतो, त्यानेही जाग येते. तसं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि सासूबाईंविषयी कुणाशी बोललात का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. यांना विचारलं, घोरत नाही म्हणाले. मोबाईल आजपासून स्वयंपाकघरात. बसायला मोकळी खोली एकच आहे, सासूबाईंची. त्यांची भाड्याची कॉट अजून तिथेच आहे, परत करायला हात होत नव्हता. उद्या दुकानात फोन करून न्यायला सांगते. तिथे खुर्ची ठेवीन.