वाचकहो, वाचकांनो की वाचका?

गोष्ट ऐन रंगात असताना कादंबरीकार मध्येच थांबून आपल्याशी बोलायला लागतो, त्याला मराठीत काय म्हणावं? 'लेखकाचा हस्तक्षेप' वाचलंय, 'जनांतिक'ही ऐकलंय. मला दोन्ही खटकतात.

—

'जनांतिक' नकोच. संस्कृत नाटकात हाताची त्रिपताक मुद्रा धरून, बाकीच्या पात्रांना ऐकू जाऊ नये अशा बेताने एका पात्राने दुसऱ्याशी बोलायचं, ते जनांतिक. प्रेक्षकांना ते ऐकू येतं, पण ते त्यांना उद्देशून नसतं.

'हस्तक्षेप' कुठे कुठे चालेल. हेन्री फील्डिंगच्या 'टॉम जोन्स'चे (१७४९) १८ भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या प्रकरणात तो कथा बाजूला ठेवून वाचकाशी बोलत बसतो. पण 'जेन एअर'चं (१८४७) शेवटचं प्रकरण उघडा. वाचकाला हाक मारून जेन सांगते की मी त्याच्याशी लग्न केलं. हाक जेनची आहे, लेखिका शार्लट ब्राँटीची नाही. स्वतःचीच गोष्ट सांगणारी बाई कुणाच्या कामात हात घालतेय? म्हणून मी 'वाचकसंबोधन' म्हणते.

—

पटलं. मग ते वाक्य मराठीत 'वाचकहो, मी त्याच्याशी लग्न केलं' असं करायचं?

—

तिथेच अडतं. 'हो' लागला की सभा भरते: सज्जनहो, मित्रहो, श्रोतेहो. 'वाचकांनो'ला वर्गातला सूर आहे. जेनसमोर तर एकच माणूस बसलाय. आपल्याकडे सांगणारा कायम अनेकांपुढे बसलेला. 'तरी अवधान एकलें दीजे' असं ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी म्हणतात ते समोरच्या श्रोत्यांना. दासबोधाची पहिलीच ओवी 'श्रोते पुसती कोण ग्रंथ', म्हणजे तिथे आधी ऐकणाऱ्यांनीच तोंड उघडलंय! एकट्याने, मुकाट्याने वाचणाऱ्याला मारायची हाक आपल्या कानात मुरलेलीच नाही. 'वाचका' व्याकरणाने शुद्ध, पण दरडावल्यासारखं वाटतं. मी लिहीन, 'मी लग्न केलं त्याच्याशी, बरं का.' एकाच माणसाला, जवळ बसून सांगितल्यासारखं.

(जाता जाता: 'सुज्ञ वाचक' लिहिताना सु ऱ्हस्वच. 'सूज्ञ' फार दिसतं.)

—

'बरं का' आजी नातवंडांना गोष्ट सांगताना म्हणते. जेनने मोठ्या निग्रहाने मिळवलेलं वाक्य आहे ते, त्यात लाडिकपणा नको. मी 'वाचका'च ठेवीन. दरडावल्यासारखं वाटलं तरी ती त्या एकाच्या डोळ्यांत बघून बोलतेय, हे त्यातूनच कळतं.