ब्राउझर आतून समजून घ्यायचाय: क्रोमियमचा कोड उघडू की स्वतःचा छोटा ब्राउझर लिहू?

पेठेतला_पामर
नमस्कार मंडळी. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रिअ‍ॅक्टमध्ये पानं बनवता येतात, पायथॉन बऱ्यापैकी येतं, सी++ परीक्षेपुरतं. पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं ते व्हिडिओ बघून पाठ झालंय, पण समजलंय असं वाटत नाही. सुट्टीचे ६ आठवडे हातात आहेत, लॅपटॉप ८ जीबीचा, लिनक्स. क्रोमियम (क्रोम ज्यावर उभा आहे तो खुला कोड) उतरवून वाचायला घेऊ, की पायथॉनमध्ये स्वतःच काही लिहू? आणि लिहायचं तर थांबायचं कुठे?

ओंकारेश्वर_घाट
क्रोमियम आत्ता नको. त्यांच्याच सूचनांमध्ये किमान ८ जीबी रॅम, शक्यतो १६ हून जास्त, आणि १०० जीबी मोकळी डिस्क मागितलेली आहे. ८ जीबीवर लिंकिंग (तयार तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणं) सुरू झालं की मशीन स्वॅपमध्ये (रॅम पुरेना म्हणून डिस्कवर) जाऊन बसेल आणि सुट्टी पंख्याचा आवाज ऐकण्यात जाईल. नुसता वाचायला घ्यावा तर काय शोधायचं हे ठरलेलं नसताना त्यात शिरणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला गाडी घालणं. स्वतः लिहा, पायथॉन पुरे आहे.

पहिला आठवडा फक्त नेटवर्क. तयार एचटीटीपी लायब्ररी घेऊ नका, जे शिकायचंय नेमकं तेच ती झाकते. सॉकेट (नेटवर्क जोडणीचं आपल्याकडचं टोक) उघडा, पोर्ट ८०, एक्झाम्पल डॉट कॉमला जोडा. पहिली ओळ: गेट, स्पेस, तिरपी रेघ, स्पेस, एचटीटीपी/१.०. दुसरी ओळ होस्टची, म्हणजे साइटच्या नावाची. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही, आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ विसरलात की सर्व्हर अजून हेडर (विनंतीबद्दलच्या अशा माहितीच्या ओळी) येतील म्हणून थांबतो, तुम्ही उत्तरासाठी थांबता. एरर काहीच येत नाही, त्यामुळे चूक शोधण्यात तास जातो.

१.० मुद्दाम सांगतोय. १.१ लिहिलं तर होस्ट नसताना सर्व्हर ४०० देऊन दार लावतो, दुपारच्या पाटीसारखं. होस्ट दिला तरी उत्तरानंतर कनेक्शन उघडंच राहतं, म्हणून ‘डेटा संपेपर्यंत वाच’ असं लूप असेल तर ते लटकतं. त्यावर ‘कनेक्शन: क्लोज’ पाठवायचं. शिवाय चंक्ड (तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेलं) उत्तर आलं तर मजकुराच्या मधेमधे १६ च्या पायातले आकडे दिसतात. तो कचरा नव्हे, पुढचा तुकडा किती बाइटांचा आहे ते असतं.

आणखी एक सापळा. डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमधले हेडर जसेच्या तसे उचलून पाठवू नका. त्यात अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग असतं, सर्व्हर जीझिप केलेलं (दाबून लहान केलेलं) पान पाठवतो आणि पायथॉन म्हणतं की पोझिशन १ वरचा ०एक्स८बी हा बाइट डिकोड होत नाही. जीझिपचा पहिला बाइट १एफ, दुसरा ८बी. ही एरर दिसली की यूटीएफ-८ ला (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीला) दोष देऊ नका.

एचटीटीपीएससाठी पोर्ट ४४३, आणि एसएसएल मॉड्यूलचा डीफॉल्ट कॉन्टेक्स्ट घेऊन सॉकेट गुंडाळायचं. सर्व्हर होस्टनेम द्या, नाहीतर तो कॉन्टेक्स्ट पुढे जाऊच देणार नाही.

भांडारकर_बाइट
नेटवर्कचं वर आलंच आहे. एचटीएमएलबद्दल सांगतो, कारण ‘टॅग म्हणजे झाड, सोपं आहे’ असं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

आधी एक प्रयोग. एका फाइलमध्ये पी टॅगच्या आत डिव्ह लिहा, दोन्ही नीट बंद करा आणि फायरफॉक्समध्ये उघडा. मग एकीकडे पानाचा सोर्स बघा, दुसरीकडे इन्स्पेक्टर. सोर्समध्ये डिव्ह पीच्या आत आहे. इन्स्पेक्टरमध्ये एक रिकामा पी, मग डिव्ह, मग आणखी एक रिकामा पी. कारण डिव्ह दिसला की उघडा पी आपोआप बंद करायचा असा नियम आहे. नंतर तुमचा बंद करणारा पी आला, उघडा पी तर कुठेच नाही, म्हणून नवा रिकामा तयार होतो. क्रोममध्येही हेच दिसेल. ब्राउझर चुका सहन करतो एवढंच नाही, चुका कशा सहन करायच्या तेही स्टँडर्डमध्ये ओळीनं लिहिलेलं आहे. व्हॉटडब्ल्यूजीच्या (वेबची स्टँडर्ड लिहिणाऱ्या गटाच्या) एचटीएमएल स्टँडर्डमधला पार्सिंगचा भाग प्रयोग झाल्यावर वाचा, आधी वाचलात तर झोप येईल.

तुमच्या पार्सरला (टॅग वाचून झाड बनवणाऱ्या भागाला) एक स्टॅक (उघड्या टॅगांची चळत) पुरे. पण बीआर, आयएमजी, मेटा, इनपुट असे १३ टॅग बंद होत नाहीत, त्यांची यादी पहिल्याच दिवशी घाला. नाहीतर मेटा स्टॅकवर तसाच राहतो आणि अख्खं पान त्याच्या पोटात जातं. स्क्रिप्ट टॅगच्या आत ‘पेक्षा कमी’चं चिन्ह दिसलं म्हणून नवा टॅग सुरू करू नका, बंद होणारा स्क्रिप्ट येईपर्यंत सगळा साधा मजकूर.

थांबायचं कुठे: मजकूर, मथळे, परिच्छेद, लिंकवर क्लिक, स्क्रोल. रंग आणि फाँटचा आकार एवढंच सीएसएस. जावास्क्रिप्ट नको, फ्लेक्सबॉक्स तर नकोच.

शनवारातली_शाई
चाचणीसाठी इंग्रजी पान घेऊ नका, मराठी घ्या. इंग्रजीत निम्म्या चुका लपून राहतात. पेठांची नावं घातलेली एक फाइल करा आणि पायथॉनच्याच एचटीटीपी सर्व्हरवर ठेवा, तो ८००० पोर्टवर चालतो. मेटा चारसेट (बाइटांची अक्षरं कशी करायची ते सांगणारा टॅग) पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवा.

देवनागरीचा प्रत्येक कोड (अक्षराचा किंवा चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण, मात्रा: ४ कोड, १२ बाइट, डोळ्यांना अक्षरं २. कंटेंट-लेंग्थ (उत्तराची लांबी सांगणारं हेडर) बाइट मोजते, पायथॉनची लांबी कोड मोजते. दोन्हींची गल्लत केली की पान शेवटी कापलं जातं, किंवा न येणाऱ्या मजकुराची वाट बघत बसतं.

चारसेट चुकून विंडोज-१२५२ धरला गेला तर ‘à’ या रोमन अक्षरामागे ‘¤’ किंवा ‘¥’ अशी माळ दिसते. ती वाचता येते. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना ‘¤’ येतं; दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांना ‘¥’. दोन्ही चिन्हं मिसळून दिसली तर मूळ मजकूर शाबूत आहे, फक्त चष्मा चुकीचा. अप्पा बळवंत चौकात डीटीपी करून आणलेल्या जुन्या फाँटच्या मजकुराची गोष्ट वेगळी: तिथे रोमन कोडांवरच देवनागरी आकार बसवलेले असतात, कुठलाही चारसेट लावून तो सुधरत नाही, कन्व्हर्टरच लागतो.

शब्द तोडायला रेजेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) ‘शब्द-अक्षर’ वर्ग वापरू नका. पायथॉन मात्रा-उकारांना त्यात धरत नाही, ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हातात येतात. स्पेसवर तोडा. रुंदीही अख्ख्या शब्दाची मोजा, एकेका कोडाची बेरीज करून चालत नाही, कारण ‘क्ष’ची रुंदी क, हलन्त आणि ष यांच्या बेरजेएवढी नसते.

चित्र काढायला लिनक्सवर टीकेइंटर (पायथॉनसोबत येणारी खिडक्या काढायची लायब्ररी) घेतलंत तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडेल. तुमचा दोष नाही, त्याच्या आतलं टीके ८.६ तिथे अक्षरजुळणी करत नाही. पायसाइड६ (क्यूटी ही खिडक्यांची लायब्ररी पायथॉनमधून वापरायची सोय) घ्या, क्यूटीच्या आत अक्षरजुळणी करणारं हार्फबझ आहे. क्रोम आणि फायरफॉक्सही तेच वापरतात.

शेवटची चाचणी: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एका ओळीत लिहा. काही कीबोर्ड दुसऱ्या शब्दातला र्‍या न दिसणारा जोडक कोड घालून लिहितात. ‘अदृश्य अक्षरं साफ करू’ म्हणून तो पुसलात तर स्वयंपाकी थेट गुरुजी होतात.

हिंजवडी_शटल
हे सगळं छान, पण कॅम्पसला विचारतात डेटा स्ट्रक्चर. ६ आठवडे खर्च करून उपयोग काय?

भांडारकर_बाइट
स्टॅक, झाड, झाडावरून फिरणं, कॅशसाठी हॅशमॅप. वेगळं काय विचारतात? आणि लूपमध्ये एकदा उंची वाचायची, एकदा स्टाइल बदलायची, असं केल्यावर रिअ‍ॅक्टचं पान का अडखळतं, ते लेआउट स्वतः लिहिल्यावर सांगावं लागत नाही: प्रत्येक वाचनाला ब्राउझरला मांडणी नव्यानं करावी लागते. आधी सगळं वाचा, मग सगळं लिहा.

पेठेतला_पामर
सगळ्यांचे आभार. सुरुवात केली. एक्झाम्पल डॉट कॉम आलं. पेठांच्या यादीत मात्र मधेच एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतंय, दर वेळी त्याच जागी. फाइल क्रोममध्ये नीट दिसते. १०२४ बाइट वाचतो, लगेच डिकोड करतो, एरर येऊ नये म्हणून ‘रिप्लेस’ (न जुळणाऱ्या बाइटांच्या जागी खूण ठेवणारा पर्याय) लावलंय.

शनवारातली_शाई
रिप्लेस काढा, त्यानंच चूक झाकली आहे. १०२४ ला ३ नं भाग जात नाही. नुसती देवनागरी असेल तर ३४१ कोड पूर्ण होऊन एक बाइट उरतो, त्याचे दोन भाऊ पुढच्या तुकड्यात जातात आणि डिकोडरला दोन्हीकडे मोडकंच अक्षर दिसतं. सगळे बाइट आधी गोळा करा, डिकोड एकदाच करा. पुढे पान येता येता दाखवायचं असेल तेव्हा कोडेक्स मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डिकोडर घ्या, तो उरलेला बाइट पुढच्या फेरीसाठी धरून ठेवतो.

ओंकारेश्वर_घाट
हे उरकून वेळ राहिला तर फायरफॉक्सचं आर्टिफॅक्ट बिल्ड करा. सी++ चा भाग तयार उतरतो, तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट-सीएसएसचा भाग बदलता, म्हणून ८ जीबीवर निभतं. बूटस्ट्रॅप (बिल्डची तयारी करून देणारी कमांड) कुठलं बिल्ड हवं ते विचारतो, तिथे आर्टिफॅक्टवाला पर्याय निवडा, आणि बगझिलावर (फायरफॉक्सच्या बगांच्या नोंदवहीत) नवख्यांसाठी खूण केलेले बग बघा.