मदत हवी आहे: निवृत्त फौजी भावाला एन्झायटीमागचं विज्ञान कसं सांगू?

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

दादा सैन्यातून रिटायर होऊन घरी आलाय. तब्येत ठणठणीत, पण कुठेही गेला तरी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करूनच बसणार. परवा पोरांचा फुगा फुटला तर हा झटकन खाली बसला आणि मग कोणाला कळू नये म्हणून न सुटलेली बुटाची नाडी बराच वेळ बांधत राहिला. झोपेचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी पीटीएसडी (भयंकर प्रसंगांनंतर मनावर राहणारा आघात) आणि सोबत एन्झायटी सांगितलीय, सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केलीय (फरक पडायला चार-सहा आठवडे लागतात म्हणे) आणि प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर थेरपी सुचवलीय, म्हणजे ज्या आठवणी टाळतो त्यांना थेरपिस्टसोबत हळूहळू सामोरं जायचं. गोळी घेतो बिचारा, पण थेरपीला ठाम नकार. हे मनाचे खेळ आहेत, फौजी माणूस असल्या गोष्टी उगाळत बसत नाही, हे त्याचं पालुपद.

म्हटलं शरीराच्या भाषेत सांगून बघावं. मला कळलंय ते असं की मेंदूतला धोका हेरणारा भाग, अमिग्डाला, सतत जागा राहतो, त्याला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, कमी पडतो आणि शरीराला सावध करणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडणं, दचकणं सुरू. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं असेल असं कुणालाही वाटेल, पण पीटीएसडीच्या बऱ्याच अभ्यासांत ते नॉर्मल किंवा उलट कमीच सापडलंय. दादाचा रिपोर्ट नॉर्मल आला तर लगेच म्हणाला, बघ, मला काही झालेलं नाही!

आता खरी अडचण. २००२ साली व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर आणि त्यांच्या जुळ्या भावांवर एक अभ्यास झाला होता. ज्यांचा पीटीएसडी गंभीर होता त्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) लहान होता, आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही तसाच. हे दादाला सांगितलं तर तो म्हणणार म्हणजे मी मुळातच कच्चा, मग थेरपीचा उपयोग काय. पण दुसरीकडे असंही आहे की भीती पुसली जात नाही, तिच्या जोडीला 'आता इथे धोका नाही' हे मेंदू नव्याने शिकतो आणि एक्सपोजर थेरपी तेच करते. हे त्याला पटू शकतं असं मला वाटतं, कारण सराव करून अंगात भिनवणं ही तर त्याचीच दुनिया. पण मी सांगितलं तर धाकटी बहीण अक्कल शिकवतेय असं होतं.

नातेवाईक झोपेच्या गोळ्या सुचवतायत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पीटीएसडीत शक्यतो देत नाहीत, सवय लागते आणि थेरपीतल्या शिकण्यातही अडथळा येऊ शकतो असं वाचलंय, त्यामुळे तो विषय मी बंद केलाय. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन (मूळचं ब्लड प्रेशरचं औषध) कोणी घेतलंय का? २०१८ च्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही, तरी काहींना गुण येतो म्हणतात. डोस वगैरे सांगू नका, ते डॉक्टर बघतील, फक्त अनुभव हवाय.

अजून एक, तो एकदा स्फोटाच्या बराच जवळ होता. चिडचिड, विसरणं, झोप न लागणं हे डोक्याला बसलेल्या हादऱ्यामुळेही होतं ना, मग न्यूरॉलॉजिस्टला वेगळं दाखवायचं का?

आणि ज्यांच्या घरचा फौजी थेरपीला तयार झाला, त्याला पहिल्या सेशनला कोणी नेलं, बायकोने, डॉक्टरांनी की जुन्या युनिटमधल्या एखाद्या दोस्ताने?