महाएपिसोड की मॅच पॉइंट? घरात टीव्ही एकच आहे

विश्रामबागची_सून (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. मराठी मालिका आणि व्यावसायिक टेनिस या दोन्ही गोष्टी मी गेली अनेक वर्षे सारख्याच भक्तिभावाने पाहत आले आहे. त्यांतल्या एकीमुळे मला कचेरीत मान मिळतो आणि दुसरीमुळे माझे हसे होते. "काल अल्काराझचा सामना पाहिलात का?" असे विचारले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो, मालिकेचे नाव काढले की तोच माणूस "अजून बघता तुम्ही ते?" असे म्हणून मोबाइलमध्ये डोके घालतो. ते असो. माझा प्रश्न मानापमानाचा नाही, रिमोटचा आहे.

आमच्या घरी टीव्ही एक आणि पाहणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मालिकांची गोडी मला त्यांनीच लावली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली तेव्हा मी या घरात नवी होते आणि तीन हजारांहून अधिक भाग करून २०१३ मध्ये ती संपली तेव्हा माझा मुलगा पाचवी-सहावीत होता. टेनिस मात्र मी त्यांना दाखवले. त्यांना सगळे खेळाडू ओळखता येतात, फक्त नावाने नव्हे. नदाल म्हणजे "बाटल्या मांडणारा", जोकोविच म्हणजे "चेंडू आपटत बसणारा" आणि फेडरर म्हणजे "ज्याला घाम येत नाही तो". नदाल बाकावर बसून पायाशी दोन बाटल्या एकीमागे एक तिरक्या रेषेत मांडू लागला, की सासूबाई पुढे सरकून पाहत आणि त्याने त्यांतली एखादी बोटभर हलवून सरळ केली, की समाधानाने मागे टेकत. देवघरातली घंटा आणि निरांजन रोज जागच्या जागी लागणाऱ्या बाईला त्यात वेडेपणा दिसणे शक्यच नव्हते.

अडचण दरवर्षी विम्बल्डनच्या पंधरवड्यात येते. सेंटर कोर्टवरचा खेळ आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि सातपासून साडेनऊपर्यंत आमच्या ठरलेल्या मालिका असतात. शेवटच्या रविवारी तर अनेकदा एखादा महाएपिसोडही नेमका तेव्हाच येतो. पूर्वी अंतिम सामना साडेसहाला सुरू होई, त्यामुळे नशिबाने तो तीन सेटमध्ये आटोपला तर नऊपर्यंत रिमोट मोकळा होई. २०२५ पासून तो साडेआठला सुरू होऊ लागला आणि तीही सोय गेली. मालिका नंतर मोबाइलवर पाहता येते हे मला ठाऊक आहे, परंतु सासूबाईंच्या लेखी दुसऱ्या दिवशी पाहिलेला भाग शिळा, आणि सामना मोबाइलवर पाहायचा तर माझ्या डोळ्यांना चेंडूच दिसत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की ज्यांच्या घरी ही दोन्ही वेडे आहेत त्यांनी व्यवस्था कशी लावली? दुसरा प्रश्न जरा आतला आहे. या दोन्हींत मला एकच काहीतरी ओढून घेते असा माझा फार दिवसांचा संशय आहे, पण ते काय हे नेमके सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, "एकात खेळतात, दुसऱ्यात खेळवतात, एवढाच फरक आहे." मला ते पटत नाही.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा) यांचा प्रतिसाद

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्याचे उत्तर मला एका चित्रीकरणाच्या ठिकाणी उभे राहून मिळाले आहे. ‘लागिरं झालं जी’ ही मालिका २०१७ मध्ये सुरू झाली आणि आमच्या साताऱ्याची बोली राज्यभर ऐकू जाऊ लागली, त्यानंतर इकडच्या वाड्यांमध्ये आणि शेतांमध्ये चित्रीकरणे वाढली. अशाच एका मालिकेचे चित्रीकरण मी एका दुपारी कुंपणाबाहेरून पाहिले. प्रसंग साधा होता. मुलगा घरी येऊन एक बातमी सांगतो आणि घरातली पाच माणसे ती ऐकतात. बातमीचे वाक्य एका दमात सांगून झाले. त्यानंतरचे दोन तास कॅमेरा फक्त ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर होता, एकेकाचा चेहरा स्वतंत्रपणे, पुन्हा दिवे लावून. बातमी सांगणारा नट तोवर जेवायला गेला होता आणि त्याचे वाक्य एक सहायक कागदावरून अगदी सपाट आवाजात वाचत होता. पण ते ऐकून आईचे काम करणाऱ्या बाईंच्या हातातली कपबशी प्रत्येक वेळी तितकीच थरथरली. मी चार वेळा मोजले.

आता टेनिसकडे पाहा. दोन गुणांमध्ये सर्व्ह करणाऱ्याला पंचवीस सेकंद मिळतात, बाजू बदलताना नव्वद आणि सेट संपल्यावर एकशेवीस. सामन्याच्या एकूण वेळेपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ फार थोडा असतो. उरलेल्या वेळात आपण काय पाहतो? टॉवेलने पुसला जाणारा चेहरा, स्वतःशीच पुटपुटणारा खेळाडू, प्रेक्षागृहात नखे खाणारा प्रशिक्षक आणि ओंजळीत तोंड लपवलेली त्याची आई. गुण एका फटक्यात संपतो आणि त्याचा परिणाम पंचवीस सेकंद चेहऱ्यावर वाचायचा असतो. मालिकेतही बातमी एका वाक्याची आणि चेहरे पाच. आपल्या सासूबाई बाटल्यांकडे पाहत होत्या, म्हणजे त्या सामना चुकवत नव्हत्या. सामना जिथे चालला होता तिथेच पाहत होत्या, असे माझे मत आहे.

मिरज_जंक्शन यांचा प्रतिसाद

साताऱ्याच्या मित्रांचे म्हणणे देखणे आहे, परंतु त्यांनी मुख्य भेद झाकून टाकला. मालिकेतला चेहरा कधी पडायचा हे गुरुवारी येणारे टीआरपीचे, म्हणजे किती जणांनी मालिका पाहिली याचे, आकडे ठरवतात. प्रेक्षक असला की कथा ताणायची, सरला की गुंडाळायची. ‘होणार सून मी ह्या घरची’ मधल्या जान्हवीचे गर्भारपण इतके लांबले, की त्यावरच्या विनोदांनी महाराष्ट्राचे मोबाइल भरून गेले होते. टेनिसमध्ये असा सोयीचा विलंब करता येत नाही. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटे चालला आणि पाचवा सेट ७०-६८ असा संपला, पण तो कोणी लांबवला नव्हता. दोघेही हरायला तयार नव्हते, इतकेच. मैदानावरचा विजेचा गुणफलक ४७-४७ वर थांबला, कारण त्याच्या पुढे मोजावे लागेल असे तो तयार करणाऱ्यांच्याही डोक्यात आले नव्हते. मालिकेचा फलक असा कधी बंद पडल्याचे मी पाहिलेले नाही. आपल्या चिरंजीवांचे बरोबर आहे.

कृष्णाकाठचे_आजोबा यांचा प्रतिसाद

मिरजकरांनी इस्नरचा दाखला दिला तो अर्धाच दिला. त्या सामन्यानंतर काय झाले? २०१९ पासून विम्बल्डनने निर्णायक सेटमध्ये १२-१२ वर टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा छोटा डाव, आणला आणि २०२२ पासून टेनिसच्या चारही सर्वांत मोठ्या, म्हणजे ग्रँड स्लॅम, स्पर्धांत ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक आला. ७०-६८ आता पुन्हा होणे नाही. मुळात टायब्रेकच १९७० साली अमेरिकन ओपनमध्ये आला तो सामने आटोक्यात राहावेत म्हणून, आणि त्यात दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाचा विचार होताच. तेव्हा टेनिस सोवळ्यात आणि मालिका ओवळ्यात, असे करू नये. दोन्ही जाहिरातदाराच्या घरी जेवतात. इंग्रजीत या मालिकांना ‘सोप’ हे नावच मुळी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ मालिकांना साबणवाल्यांनी पैसे पुरवले म्हणून पडले.

माझ्या आठवणीत तर या दोन्हींची तारीखही एकच आहे. दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली ती ७ जुलै १९८४ रोजी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि अशोक कुमार भागाच्या शेवटी येऊन दोन शब्द बोलेपर्यंत आमच्या चाळीत कोणी पान वाढत नसे. बरोबर एक वर्षाने, ७ जुलै १९८५ रोजी, सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने मानांकन नसताना विम्बल्डन जिंकले आणि आम्ही तेही त्याच टीव्हीसमोर, त्याच सतरंजीवर बसून पाहिले. हिला चेंडू नेटवर अडला की गुण कोणाला, हे शेवटपर्यंत कळले नाही, पण बेकर पडला की ती "अगं बाई, लागलं का त्याला?" म्हणून उठून उभी राही.

एक गोष्ट सांगलीकरांनी विसरू नये. बॅडमिंटनमध्ये भारताला पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद १९५६ साली मिळवून देणारे नंदू नाटेकर सांगलीत जन्मले. ते आधी टेनिस खेळत आणि राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले. टेनिस पुढे त्यांच्या मुलाने, गौरव नाटेकर यांनी, घरात परत आणले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्ण जिंकले. बापाचा सोडलेला डाव मुलाने पुरा करायचा, हे कथानक एखाद्या मालिकेत दाखवले असते तर मिरजकर म्हणाले असते की लेखकाने ओढूनताणून आणले.

दोन_जावा (इस्लामपूर) यांचा प्रतिसाद

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो, एक मालिकांची आणि एक टेनिसची, म्हणून थोडक्यात व्यवहाराचे सांगते. पुरुषांच्या ग्रँड स्लॅम सामन्यात तीन सेट जिंकल्याशिवाय निकाल लागत नाही, तेव्हा पहिला तास-दीड तास मालिकेला द्यावा आणि नंतर रिमोट टेनिसकडे जावा. मात्र हा नियम महिलांच्या सामन्याला लावू नका, तिथे दोन सेट जिंकले की निकाल लागतो. २०२५ ची विम्बल्डनची अंतिम लढत श्वियाँतेकने ६-०, ६-० अशी सत्तावन्न मिनिटांत जिंकली आणि आमच्या घरी मालिकेचे दोन भाग संपवून जाऊबाईंनी रिमोट हातात घेतला, तेव्हा पडद्यावर चषक वाटप चालले होते. त्या आठवड्यात स्वयंपाकघरात आमचे बोलणे भांड्यांमार्फत झाले.

विश्रामबागची_सून यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. मिरजकरांचा आक्षेप मला मान्य करावा लागेल, कारण त्याचा पुरावा माझ्याच घरात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, आम्हाला घर सोडून नातेवाइकांकडे जावे लागले आणि आठ-दहा दिवस टीव्हीचे दर्शनही झाले नाही. परत आल्यावर आधी चिखल काढला, दोन दिवसांनी वीज आली आणि टीव्ही लावला, तेव्हा मालिकेतल्या सूनबाई आम्ही सोडून गेलो त्याच जिन्यावर, त्याच पायरीवर उभ्या होत्या. तिकडे नदाल माँट्रियलची स्पर्धा जिंकून मोकळा झाला होता आणि मला त्यातला एक गुणही पाहायला मिळाला नव्हता. मी चिडले. सासूबाई मात्र त्या जिन्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं झालं बाई, थांबली आपल्यासाठी." सगळे घर उलटेपालटे झालेले असताना काहीतरी होते तिथेच सापडले, याचा त्यांना किती आधार वाटला हे मला तेव्हा कळले नाही.

साताऱ्याच्या दादांचे चेहऱ्याविषयीचे म्हणणे वाचले आणि मला ८ जून २०२५ ची रात्र आठवली. तो फ्रेंच ओपनचा अंतिम सामना होता, सिनर आणि अल्काराझ यांचा. सिनरने पहिले दोन सेट घेतल्यावर "आता संपलंच" म्हणून आम्ही मालिकेकडे वळलो. दहानंतर परत आलो तेव्हा चौथ्या सेटमध्ये अल्काराझ ३-५ असा मागे होता, सर्व्हिस त्याची आणि गुण शून्य-चाळीस, म्हणजे सिनरला लागोपाठ तीन मॅच पॉइंट, त्यांतला एक जरी घेतला तरी सामना त्याचा. मी रिमोट उचलला. सासूबाईंनी माझा हात धरला. त्या गुणफलक वाचत नाहीत. त्या अल्काराझकडे पाहत होत्या. "थांब," त्या म्हणाल्या, "याचा चेहरा अजून हरलेला नाही." त्याने तिन्ही गुण वाचवले आणि पाच तास एकोणतीस मिनिटांनी सामना जिंकला, तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि सासूबाई टक्क जाग्या होत्या.

इस्लामपूरच्या ताईंचा दीड तासाचा नियम मी काल त्यांच्यापुढे ठेवला. पुरुषांच्या सामन्याला आधी मालिका, महिलांच्या सामन्याला आधी टेनिस, आणि राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात, असे ठरले. शिळा भाग खायला त्या तयार झाल्या आहेत, एका अटीवर. पुढे काय होणार हे मी कचेरीत मोबाइलवर आधी वाचायचे नाही, आणि वाचलेच तर घरी आल्यावर तोंडावर दिसू द्यायचे नाही.